चिऱ्याच्या घरातले वाय-फाय : डेको एम४ मेश संच आठ महिने वापरल्यानंतर

आमच्या घरात माजघराचा उंबरठा ओलांडून आत गेले की व्हिडिओ कॉलवरचे चित्र अडकायचे आणि दोन पावले मागे आले की पुन्हा हलू लागायचे. हे आईच्या इतके अंगवळणी पडले होते की मुंबईच्या मावशीशी बोलायचे असले की ती उंबरठ्याच्या अलीकडेच पाट टाकून बसायची. मी घरून काम करू लागलो, मुलीचे ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि ही गोष्ट चेष्टेवारी नेण्याजोगी राहिली नाही. गेल्या ऑगस्टमध्ये टीपी-लिंक कंपनीचा डेको एम४ हा तीन नगांचा मेश संच, म्हणजे एकमेकांशी जोडून घरभर वाय-फाय पसरवणाऱ्या यंत्रांचा संच घेतला. त्याला आता आठ महिने होत आले. मधल्या काळात पाऊस, ऑक्टोबरचा उकाडा आणि भरपूर वेळा गेलेली वीज हे सगळे त्याने पाहिले आहे, त्यामुळे आता त्याविषयी लिहायला हरकत नाही. संच चांगला आहे, पण आमच्याकडे खरा फरक पडला तो त्याला जोडलेल्या वायरीने, आणि ती वायर संचाबरोबर मिळत नाही. हे परीक्षण म्हणूनच अर्धे संचाचे आणि अर्धे वायरीचे आहे.

आधी घराविषयी सांगायला हवे, कारण कोणते यंत्र चालेल हे यंत्राच्या खोक्यावरच्या आकड्यांपेक्षा घराच्या भिंतींवर जास्त अवलंबून असते. राजापूर तालुक्यातले आमचे घर जांभ्या चिऱ्याचे, कौलारू आणि लांबट आहे. पुढे ओटी, मग माजघर, त्याला लागून देवघर आणि काळोखी खोली, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी मागची पडवी अशा खोल्या एकीमागे एक लागतात. ओटीच्या कठड्यापासून मागच्या पडवीच्या कठड्यापर्यंत टेपने मोजले तर अंतर साडेसतरा मीटर भरते, म्हणजे फार मोठे नाही. मात्र या अंतरात दीड-दीड फूट जाडीच्या तीन भिंती आडव्या येतात. फायबरची वायर रस्त्याकडून येते, म्हणून इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या माणसाने वाय-फाय देणारा आपला डबा ओटीवरच्या पहिल्या सोयीच्या खिळ्याला अडकवला आणि तो निघून गेला. घराचे एक टोक प्रकाशात आणि दुसरे अंधारात, अशी अवस्था तिथून सुरू झाली.

गावात बऱ्याच जणांची समजूत अशी आहे की चिऱ्यात लोखंड असते म्हणून रेंज अडते. जांभ्यात लोह भरपूर असते हे खरे, पण ते ऑक्साइडच्या रूपात असते, धातूच्या पत्र्यासारखे नसते. खरी अडचण भिंतीच्या जाडीची आणि तिच्यातल्या ओलाव्याची आहे. चिरा सच्छिद्र असतो. आमच्या बाहेरच्या भिंतींना गिलावा नाही, त्यामुळे जूनपासून त्या पाणी पीत राहतात, आणि ओल चढली की वाय-फायच्या लहरींना पाण्यातून वाट काढावी लागते. मी फोनवर सिग्नल मोजणारे एक साधे ॲप घेऊन एकाच जागी, चुलीशेजारच्या कोनाड्यापाशी, मार्चमध्ये आणि जुलैमध्ये नोंदी केल्या. मार्चमध्ये उणे ७४ डेसिबल-मिलिवॅट (सिग्नल मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल बरा) दिसत होते, जुलैमध्ये उणे ७९. हा फरक नुसता पाच आकड्यांचा वाटतो, पण या मापनात प्रत्येक तीन आकड्यांना शक्ती निम्मी होते आणि प्रत्येक दहाला दहावा हिस्सा उरतो. म्हणजे पावसाळ्यात त्या कोनाड्यात उन्हाळ्यातल्या सिग्नलचा तिसरा हिस्साही पोचत नव्हता. ओटीवर त्याच वेळी उणे ४५ होते; त्या हिशेबाने स्वयंपाकघरात ओटीच्या सुमारे अडीच हजाराव्या हिश्श्याइतकाच सिग्नल उरायचा. व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा असावा लागतो, आणि उणे ८० च्या आसपास जोडणी नावापुरतीच राहते.

वाय-फाय ज्या दोन लहरपट्ट्यांवर चालते त्यांच्यातला फरकही इथे कामाचा आहे. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारे साडेबारा सेंटीमीटर लांबीची असते. ती भिंतीतून जरा अधिक आत शिरते, पण तिचा वेग कमी आणि तिच्यावर गर्दी फार. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्या निम्म्याने आखूड. ती वेगवान, पण जाड भिंतीपुढे लवकर हात टेकते. आमच्या जुन्या डब्याचा ५ गिगाहर्ट्झ पट्टा माजघराच्या मध्यापर्यंत चालायचा आणि पुढे फोन मुकाट्याने २.४ वर उतरायचा. आमची योजना १५० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला १५० मेगाबिटची आहे. ओटीवर १४० च्या पुढे वेग मिळायचा, माजघरात ६०, स्वयंपाकघरात ६ आणि मागच्या पडवीत शून्य.

संच घेण्याआधी दोन उपाय करून पाहिले. पहिला फुकटचा होता: डबा खिळ्यावरून काढून ओटी आणि माजघर यांच्यामधल्या दाराच्या वर, उंचावर लावला. फायबरची आतली वायर तेवढी पुरली. माजघरातला वेग ६० वरून १०० वर गेला, स्वयंपाकघरातला ६ वरून ११ वर. दुसरा उपाय म्हणजे रिपीटर. ऑनलाइन मागवलेला, थेट प्लगात खोचायचा एक स्वस्त नग होता. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण चूक त्याच्याइतकीच माझीही होती. तो मी स्वयंपाकघरात, म्हणजे जिथे सिग्नल मरतो तिथेच लावला. रिपीटर नवा सिग्नल तयार करत नाही, जो ऐकू येतो तोच पुढे सांगतो, आणि ज्याला स्वतःलाच धड ऐकू येत नाही तो पुढे काय सांगणार? फोनवर वाय-फायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या दिसायच्या आणि पान मात्र उघडायचे नाही. शिवाय त्याचे नाव वेगळे होते, त्यामुळे आई ओटीवरून आत आली की फोनमध्ये जाऊन नाव बदलायचे की नाही, हा प्रश्न रोज यायचा. तीन आठवड्यांनी तो काढून ठेवला.

मेश संचाची कल्पना यापेक्षा वेगळी आहे. त्यातले सगळे नग एकमेकांना ओळखतात, सगळीकडे नाव आणि पासवर्ड एकच राहतो, आणि फोन चालता चालता एका नगाकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो. डेको एम४ मध्ये पाचव्या पिढीचे वाय-फाय आहे. २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस असे त्याचे कागदावरचे आकडे आहेत. या दोन्हींची बेरीज करून खोक्यावर १२०० चा आकडा छापलेला असतो आणि तो कोणत्याही एका फोनला कधीच मिळत नाही, हे आधीच समजून घ्यावे. नग पांढरा, उभ्या दंडगोलाच्या आकाराचा, सुमारे १९ सेंटीमीटर उंच आहे. बाहेर एकही अँटेना नाही, त्यामुळे देवघराच्या बाहेरच्या कोनाड्यात ठेवला तरी तो तिथे शोभून दिसतो. प्रत्येक नगाला मागे वायर जोडायची, गिगाबिटची (१,००० एमबीपीएसची) दोन भोके आहेत, आणि माझ्या दृष्टीने या संचाचा सर्वांत मोठा गुण तोच आहे. याच कंपनीच्या स्वस्त ई४ मध्ये ही भोके १०० एमबीपीएसची असतात, त्यामुळे आमच्यासारख्या १५० च्या योजनेला ते पहिल्याच पायरीला खाली ओढते. वरच्या एक्स२० मध्ये सहाव्या पिढीचे वाय-फाय मिळते; तेही मी पाहिले होते, पण योजनाच १५० ची असताना त्या जादा वेगाचा आमच्या घरात उपयोग नव्हता. तीन नगांना मला दहा हजारांच्या आसपास खर्च आला.

मांडणी सोपी आहे. फोनवर ॲप घ्यायचे, खाते उघडायचे, एक नग कंपनीच्या डब्याला वायरने जोडायचा आणि ॲप सांगेल तसे पुढे जायचे. तीनही नग सारखेच असतात, त्यामुळे मुख्य कोणता आणि उपनग कोणता हा घोळ होत नाही. पहिला नग लागायला पंधरा मिनिटे आणि पुढचे दोन लागायला प्रत्येकी पाच मिनिटे लागली. एक गोष्ट मात्र ॲप आपणहून सांगत नाही. इंटरनेट कंपनीचा डबा स्वतःही राउटरचे काम करत असतो; त्याच्यामागे डेकोही राउटर म्हणून लावला तर घरात दोन कारभारी होतात. रोजच्या वापरात ते जाणवत नाही, पण माझ्या कार्यालयाच्या व्हीपीएनला (कार्यालयाशी घरून होणाऱ्या सुरक्षित जोडणीला) आणि ओटीवरच्या प्रिंटरला ते रुचले नाही: मुख्य डब्यावर असलेला प्रिंटर डेकोवरच्या लॅपटॉपला सापडायचा नाही. ॲपमध्ये जाऊन डेकोला ॲक्सेस पॉइंट पद्धतीवर टाकले, म्हणजे कारभार कंपनीच्या डब्याकडे ठेवून डेकोला फक्त वाय-फाय पसरवायला लावले, आणि दोन्ही प्रश्न मिटले. त्याची किंमत म्हणजे मुलांच्या वापराची वेळ ठरवून देण्याची डेकोची सोय या पद्धतीत बंद होते. मुलीने ही बातमी आमच्याआधी शोधून काढली.

आता वेगाविषयी. सगळी मापने एकाच आठवड्यात, रात्री दहानंतर, त्याच लॅपटॉपवर आणि प्रत्येक जागी तीनदा घेतली, म्हणजे पावसाच्या ओलीचा आणि संध्याकाळच्या गर्दीचा दोष यंत्राच्या माथी येणार नाही. पहिल्या मांडणीत मुख्य नग ओटीवर, दुसरा माजघरात टीव्हीशेजारी आणि तिसरा स्वयंपाकघराच्या फडताळावर होता, आणि नगांमध्ये वायर नव्हती. माजघरात १३० मिळाले, स्वयंपाकघरात ४० आणि मागच्या पडवीत २२. रिपीटरच्या मानाने हे स्वर्गसुख होते. मुलीचा वर्ग स्वयंपाकघरात बसून निर्वेध झाला, आणि तिच्या आजीने पाट मात्र अजून उंबरठ्याच्या अलीकडेच टाकला. तिथे वारा लागतो, हे तिने आम्हाला पहिल्यांदाच सांगितले.

तरीही १५० मधले ४० पुढे पोचावेत हे मनाला खटकत होते. कारण उघड आहे. या संचात दोनच पट्टे आहेत, आणि ज्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नग एकमेकांशी बोलतात त्याच पट्ट्यावर ते फोनशीही बोलतात. एकाच माणसाने विहिरीवरून घागर आणायची आणि वाढायचेही, असा तो प्रकार आहे. प्रत्येक टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो, आणि त्यात दीड फुटाची ओली भिंत आली की निम्म्याचाही निम्मा. नगांमधल्या बोलण्यासाठी तिसरा पट्टा राखून ठेवणारे महाग संच मिळतात, पण भिंत त्यांनाही तीच लागते.

या टप्प्यावर जो शोध लागला तो मला कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडला नव्हता, आणि जुन्या कौलारू घरात राहणाऱ्यांसाठी तो मी सविस्तर सांगतो. आमच्या मधल्या भिंती छपरापर्यंत जात नाहीत. त्या तुळयांपाशी थांबतात; वर लाकडी तक्तपोशी आणि तिच्यावर माळा आहे, आणि तो माळा ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत सलग, एकही आडवी भिंत नसलेला आहे. कोरड्या लाकडी फळ्यांतून लहर सहज जाते. मग भिंती भेदत बसण्यापेक्षा त्यांच्या डोक्यावरून का जाऊ नये? दुसरा नग शिडी लावून माळ्यावर नेला आणि माजघर व स्वयंपाकघर यांच्या मधल्या भिंतीच्या बरोबर वर, भाताच्या रिकाम्या कणगीशेजारी ठेवला. मुख्य नगाचा सिग्नल ओटीच्या तक्तपोशीतून वर चढला, माळ्यावरून आडवा गेला आणि स्वयंपाकघरात वरून खाली उतरला. तिथला वेग ४० वरून थेट ९५ वर गेला, आणि तोही एक पैसा न खर्चता. सिमेंटच्या स्लॅबच्या घरात हे जमणार नाही, कारण स्लॅबमध्ये लोखंडी सळ्यांची जाळी असते. पण कोकणातल्या माळ्याच्या घरांत मेशचा नग आधी माळ्यावर ठेवून पाहावा, असे मी कोणालाही सांगेन.

हे सुख ऑक्टोबरपर्यंत टिकले. पाऊस उघडला आणि कौले तापू लागली. एका दुपारी दोन वाजता माळ्यावर साधा तापमापक ठेवला तर ४३ अंश सेल्सियस दाखवत होता. या नगाची कामाची मर्यादा ४० अंशांची आहे. तो बंद पडला नव्हता, पण हाताला चांगलाच चटका लागत होता, आणि मे महिन्यात तिथे काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. मी तो त्याच दिवशी खाली आणला आणि वायर टाकायचे ठरवले.

वायरीला बाबांची एकच अट होती: "माझ्या आजोबांनी बसवलेल्या चिऱ्याला भोक पाडायचं नाही." अट गैरसोयीची होती, पण तिच्यामुळेच वाट सोपी झाली. ओटीवरच्या मुख्य नगापासून वायर जिन्याच्या तोंडातून माळ्यावर चढली, तुळईच्या कडेने मागे गेली आणि स्वयंपाकघर व मागची पडवी यांच्यामधल्या दाराच्या वर उतरली. एकूण लांबी ३१ मीटर भरली. इथरनेटची, म्हणजे अशी यंत्रे जोडायची, वायर १०० मीटरपर्यंत चालते, त्यामुळे अंतराची चिंता नव्हती. चिंता होती ती उंदरांची. म्हणून माळ्यावरचा सगळा भाग पाऊण इंची पीव्हीसी पाइपातून नेला. वायर कॅट-६ या प्रतीची घेतली, आणि इथे एक खबरदारी सांगतो. दुकानात बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन जातींच्या वायरी असतात, एक सबंध तांब्याची आणि दुसरी ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली. दुसरी बरीच स्वस्त असते, ठिसूळ असते आणि लांब अंतरावर दगा देते. आतली तार ब्लेडने हलकेच खरवडावी. पांढरी चमक दिसली तर ती वायर परत ठेवावी. वायर, पाइप, टोके आणि मजुरी धरून साधारण २,४०० रुपये खर्च आला.

आणि पहिल्या दिवशी काहीही फरक पडला नाही. स्वयंपाकघरात ९४ एमबीपीएस. माळ्यावरून हवेतून येत होते ९५. बाबांनी काही म्हटले नाही, पण ते ज्या पद्धतीने काही म्हणाले नाहीत ते मला कळले. दोन दिवस मी यंत्रालाच दोष देत होतो. मग लक्षात आले की प्रत्येक वेळी वेग ९३ ते ९४ च्या पलीकडे एक पाऊलही टाकत नाही आणि खालीही येत नाही. हवेतून येणारा वेग असा कधी वागत नाही. तो चढउतार करतो. ठाम ९४ म्हणजे १०० एमबीपीएसची वायर-जोडणी. इथरनेटच्या वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, आणि जादाच्या दोन जोड्यांपैकी एक जरी तुटली तरी दोन्ही बाजू मुकाट्याने १०० वर समझोता करतात, कोणताही दिवा लाल होत नाही. स्वयंपाकघराकडचे टोक उजेडात धरून पाहिले. पारदर्शक प्लगात सात तारांची टोके ओळीने पुढच्या कडेला टेकलेली होती आणि आठवी, तपकिरी तार, दोन मिलिमीटर अलीकडेच थांबली होती. टोके बसवणारा गावातलाच मुलगा, त्याला फोन केला तर तो म्हणाला, "दादा, दिवा पेटतोय ना? मग वायर ओके आहे." संध्याकाळी येऊन त्याने टोक कापून नवे बसवले आणि लॅपटॉपवर १४६ हा आकडा आला. मागच्या पडवीत १२०. डेकोला काही सांगावे लागले नाही; वायर दिसताच तो हवेतली जोडणी सोडून वायरीवर आला.

तेव्हापासून मांडणी बदललेली नाही. एक नग ओटीवर, एक स्वयंपाकघराच्या दारावर, मध्ये वायर. माजघराला दोन्हीकडून पुरेसे मिळते. काळोख्या खोलीत तिसरा नग लावून पाहिला होता, पण एकमेकांजवळ तीन नग झाल्यावर आईचा फोन त्यांच्यात सारखा उड्या मारू लागला आणि बोलता बोलता क्षणभर आवाज तुटू लागला. कुठल्या नगाला धरायचे हे शेवटी फोन ठरवतो, डेको फक्त सुचवतो, आणि काही जुने फोन ते ऐकत नाहीत. तिसरा नग काढला आणि ते थांबले. तीनऐवजी दोन नगांचा संच घेऊन उरलेले पैसे आधीच वायरीत घातले असते तर बरे झाले असते.

संचाच्या उणिवाही सांगतो. मांडणीसाठी फोनवरचे ॲप आणि कंपनीचे खाते दोन्ही लागतात. ज्यांना स्वतःच्या घरातल्या यंत्रासाठी परक्या ठिकाणी खाते उघडणे आवडत नाही त्यांनी हे आधी लक्षात घ्यावे. प्रत्येक नगाला दोनच भोके आहेत, आणि वायरने जोडल्यावर त्यातले एक संपते. टीव्ही, संगणक आणि आणखी काही वायरने लावायचे असेल तर वेगळा स्विच, म्हणजे जादा भोके देणारा डबा, घ्यावा लागतो. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असते, त्यामुळे फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखणारी उपकरणे लावताना थोडी युक्ती करावी लागते. आमच्या पाण्याच्या पंपाचा स्मार्ट प्लग मी पाहुण्यांसाठीचे वेगळे नाव फक्त २.४ वर सुरू करून त्यावर टाकला.

विजेची गोष्ट कोणत्याच जाहिरातीत नसते आणि कोकणात ती सर्वांत आधी विचारावी. वीज गेली की घरभर पसरलेल्या मेशमधला प्रत्येक नग स्वतंत्रपणे मरतो. इन्व्हर्टरची लाइन आमच्याकडे ओटी आणि माजघर एवढीच होती, म्हणून सुरुवातीला वीज गेली की स्वयंपाकघरातला नग बंद आणि ओटीवरचा चालू, असे व्हायचे. आता कंपनीच्या डब्याला आणि दोन्ही नगांना लहान डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर चालवणारे डबे, लावले आहेत. घेताना ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर यूपीएसशी जुळतात का ते पाहावे. विजा चमकू लागल्या, विशेषतः वळवाच्या आणि परतीच्या पावसात, की मात्र आम्ही सगळे प्लग काढतो. फायबरमधून वीज येत नाही, काच आहे ती. पण ॲडॉप्टरच्या वायरीतून येते.

प्रत्येकाला मेश लागतेच असे नाही, हेही सांगायला हवे. ठाण्याला बहिणीचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. तिच्याकडेही आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून माझा रिकामा झालेला तिसरा नग घेऊन गेलो होतो. तिथे गेल्यावर दिसले की कंपनीचा डबा टीव्हीच्या कपाटात, बंद दाराआड, सेटटॉप बॉक्सच्या खाली दडपलेला होता आणि त्याच्या व बेडरूमच्या मध्ये लोखंडी कपाट उभे होते. डबा बाहेर काढून पॅसेजमध्ये कपाटाच्या उंचीवर लावला. शेजारच्या सात-आठ फ्लॅटांतले डबे २.४ गिगाहर्ट्झवर १ आणि ६ या वाहिन्यांवर गर्दी करून होते, म्हणून तिचा ११ वर टाकला. या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या या तीनच. आतल्या खोलीत ९० मिळू लागले आणि नग पिशवीतून बाहेर काढावाच लागला नाही. चार इंची विटांच्या भिंती आणि साठ-पासष्ट चौरस मीटरचे घर असेल तर नीट जागी ठेवलेला एक बरा राउटर पुरतो. मेशचा खर्च करावा तो लांबट घरासाठी, दुमजली बंगल्यासाठी किंवा आमच्यासारख्या जाड भिंतींसाठी, आणि तोही वायर टाकता येईल का हे आधी पाहून.

तो तिसरा नग ठाण्याहून परत आला आणि सध्या स्वयंपाकघराच्या फडताळात खोक्यासकट पडून आहे. आंब्याचा हंगाम सुरू झाल्यापासून बाबांची त्याच्यावर नजर आहे. पेट्या भरण्याचा मांगर घरापासून चाळीस मीटरवर, अंगणापलीकडे आहे, आणि गिऱ्हाइकांना पेट्यांचे फोटो तिथूनच पाठवता यावेत असे त्यांचे म्हणणे आहे. अंतर वायरीच्या मर्यादेत बसते, पण उघड्या अंगणातून तांब्याची वायर नेणे म्हणजे पहिल्या वळवात दोन्ही टोकांची यंत्रे विजेच्या स्वाधीन करणे. तिथे फायबरच टाकावी लागेल, दोन्ही टोकांना तिचे छोटे डबे लावावे लागतील, आणि त्याचे दर मी विचारून ठेवले आहेत. तोवर बाबा पेटी डोक्यावर घेऊन मागच्या पडवीपर्यंत येतात आणि तिथून फोटो पाठवतात.